दर आठवड्याचं गवत

आमच्या दुकानाच्या आवारात दोन पाय दिसले. बुटांसकट. बाकीचा माणूस फिनिश मोवरच्या खाली होता.

गवत कापायच्या यंत्राखाली डोकं घालणारा माणूस एकतर मेकॅनिक असतो नाहीतर वेडा, आणि आमचा मेकॅनिक त्या दिवशी रजेवर होता. मी हातातला पाना काउंटरवर ठेवला आणि बाहेर आले. पावसाची बारीक भुरभुर चालू होती. त्या पायांना तिचं काहीच पडलेलं नव्हतं.

"अहो, काय चाललंय?"

"काही नाही," यंत्राखालून आवाज आला. "चष्मा पडलाय."

"मग उचला."

"दिसला की उचलतो. पण चष्म्याशिवाय... दिसत नाही ना."

मला हसू येत होतं, ते मी गिळलं. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं खातं बाबांकडे आहे. माझ्याकडे रागवायचं आहे. गावातले लोक मला फौजदार म्हणतात, आणि तेही अगदी तोंडावर.

"आधी डोकं बाहेर काढा. त्या पात्यांना धार आहे."

तो बाहेर आला. केसांत काड्या, गालावर ग्रीसचा पट्टा. डोळे बारीक करून तो माझ्या उजव्या खांद्याकडे बघत होता, चेहरा साधारण तिथेच असेल असं त्याला वाटलं असावं. मी जॅक लावून यंत्र थोडं वर घेतलं, काठीने चष्मा बाहेर ओढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो शर्टाच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला... आणि त्याचा हात काडीवरच राहिला.

"काय झालं? काच फुटली?"

"नाही नाही. नीट दिसतंय आता." मग जरा थांबून, "फारच नीट दिसतंय."

माझे कान गरम झाले. "यंत्र घ्यायचंय, की नुसतं खालून बघायचंय?"

घ्यायचं होतं. त्याची मावशी गेल्या वर्षी गेली आणि जाताना टेकडीपलीकडचं घर आणि भोवतीची दहा-बारा एकर जमीन त्याच्या नावावर करून गेली. जमिनीवर कित्येक वर्षं कोणी विळासुद्धा फिरवला नव्हता. हा शहरात थोरल्या भावाबरोबर चष्म्याचं दुकान चालवायचा, लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचा. महिनाभराची सुट्टी काढून आला होता.

"दादा म्हणतो, साफ कर आणि विकून टाक," तो म्हणाला.

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी..." त्याने भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं. तिथे एका घरापुढे हिरवंगार, गालिच्यासारखं गवत पसरलेलं होतं. "मला हे आवडलं. म्हणून हे यंत्र बघत होतो."

मग मी त्याला माझं नेहमीचं भाषण ऐकवलं. मला ते झोपेतही येतं. "हे बघा, हा फिनिश मोवर, ट्रॅक्टरमागे जोडायचा. तीन पाती, चार चाकं, गवत अगदी दाढी केल्यासारखं गुळगुळीत कापतो. पण याचे नखरे फार. गवत आधीच बुटकं हवं, जमीन सपाट हवी, दगड एकही नको. आणि तो कोपऱ्यातला, दणकट दिसतोय ना, तो रोटरी कटर. त्याला काहीही चालतं. छातीएवढं गवत, झुडपं, अंगठ्याएवढ्या फांद्या... सगळं आडवं करतो. मात्र मागे जे उरतं ते ओबडधोबड."

"म्हणजे एक देखणा आणि एक कामाचा."

"असं समजा. आणि अजून एक सांगते. फिनिश मोवर घेणारा माणूस इथे राहणारा असतो. दर आठवड्याला फिरवावा लागतो, नाहीतर गवत वाढलं की तो बसला रुसून. रोटरी घेणारा वर्षातून दोनदा येतो, कापतो, कुलूप लावतो आणि जातो."

हे वाक्य मी शंभर जणांना तरी ऐकवलं असेल. एकानेही त्यावर विचार केला नव्हता. याने केला.

"आणि ज्याचं अजून ठरलंच नाही, त्याने काय घ्यायचं?"

"त्याने आधी जमीन दाखवायची," मी म्हटलं.

आमच्या दुकानाचा हा जुना नियम आहे. गिऱ्हाइकाबरोबर त्याची जमीन पायी पालथी घातल्याशिवाय बाबा यंत्र विकत नाहीत. लपलेला दगड, जुनी तार, झाडाचा खुंट... हे यंत्राने शोधण्याआधी माणसाने शोधलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा गुडघा कुरकुर करायला लागल्यापासून हे काम माझ्याकडे आलं. इतके दिवस मला ते अजिबात आवडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन पोचले. गवत माझ्या छातीपर्यंत होतं आणि दवाने चिंब. मी पुढे, तो दोन हात बाजूला, अशा सरळ रांगा धरून आम्ही चालायला लागलो. मी काठी आपटायची, दगड लागला की तो तिथे खुंटी ठोकायचा. पहिल्या रांगेतच त्याचा चष्मा धुक्याने भरला आणि तो थेट एका खुंटावर आदळला.

"फुटलं काही?"

"अभिमान," तो गुडघा चोळत म्हणाला. "या खुंटावर यंत्र आदळलं तर काय होतं?"

"रोटरीत एक बोल्ट असतो. तो आधी तुटतो."

"आणि मग?"

"मग नवा टाकायचा. तो तुटण्यासाठीच केलेला असतो. तो तुटतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो."

"बिचारा," तो इतक्या कळवळून म्हणाला की मला त्या बोल्टची पहिल्यांदाच दया आली. आणि याचीही थोडी. मी त्याला उठवायला हात पुढे केला. तो उठला, पण हात मात्र त्याने लगेच सोडला नाही... मीही ओढून घेतला नाही. दवाने दोघांचे हात गार पडले होते, तरी मला त्या हाताची ऊब पार कोपरापर्यंत जाणवली.

चालता चालता तो मावशीबद्दल बोलायचा. लहानपणी सुट्टीत ती त्याला इथे आणायची. एकदा त्याने लांबची गाय बघून "केवढं मोठं कुत्रं!" म्हटलं, तेव्हा घरात सगळे पोट धरून हसले. एकटी मावशी हसली नाही. तिने दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे नेलं.

"पहिला चष्मा लावून इथेच आलो," तो म्हणाला. "झाडाला वेगवेगळी पानं असतात हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत मला वाटायचं, वर नुसता हिरवा ढग असतो."

मी मान वर करून घराजवळच्या जुन्या झाडाची पानं बघत राहिले.

एवढी जमीन खरं तर दोन सकाळींत पालथी घालून होते. आम्ही ती दोन आठवडे पुरवली. कधी दव जास्त असायचं, कधी ऊन. कधी त्याला वाटायचं, ती मधली रांग राहिली. मला पक्कं ठाऊक असायचं की राहिलेली नाही, तरी मी म्हणायची, "हो, बघायला हवी."

बाबांच्या हे नजरेतून सुटलं नाही, जरी त्यांची नजर तेव्हा अधूच होती. वर्तमानपत्र धरायला त्यांना हात अपुरे पडायला लागले होते. "काय गं," ते म्हणाले, "जमीन बघतेयस की पाठ करतेयस?"

एका संध्याकाळी तो दुकानात आला तो भिंगांची पेटी घेऊनच. सुट्या भागांचं कॅटलॉग त्याने समोरच्या भिंतीला टांगलं, बाबांच्या नाकावर ती लोखंडी चौकट बसवली, आणि एकेक भिंग सरकवत विचारायला लागला, "काका, आता? आणि आता?" बाबा ठसक्यात वाचत गेले. वॉशर, बेअरिंग, बेअरिंगचा आकडा. मग चौकटीसकट ते माझ्याकडे वळले आणि बघतच राहिले.

"अगं, तू इतकी मोठी कधी झालीस?"

चार दिवसांनी त्यांचा चष्मा शहरातून तयार होऊन आला. हा त्यांच्या कानांमागे काड्या नीट बसवत होता. किती हलक्या हाताने! मी स्पेअरच्या कपाटाआडून बघत होते आणि मला कळून चुकलं की आपलं आता काही खरं नाही. मला हा माणूस हवा होता. नुसता आवडला नव्हता, हवा होता. इथे, रोज, डोळ्यांपुढे.

"इथे चष्म्याचं दुकान नाही का कुठे?" त्याने बाबांना विचारलं.

"छे! शहर गाठावं लागतं."

तो खिडकीतून समोरच्या बंद गाळ्याकडे बघत होता. कशासाठी, ते मी विचारलं नाही. उगाच आशा लावून घ्यायला मी काही सोळा वर्षांची नाही.

आणि मग दोन दिवसांनी त्याने तो प्रश्न केला. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून, जरा पुढे झुकून.

"मग, फौजदारबाई... कुठलं घेऊ?"

आवाज थट्टेचा होता. डोळे नव्हते.

जिभेच्या टोकावर आलं होतं, फिनिश मोवर घ्या. दर आठवड्याला फिरवा. अडला की मला बोलवा. पण ती जमीन मी पावलापावलाने पाहिली होती. छातीएवढं गवत, जागोजागी खुंट, दगडांपाशी ठोकलेल्या खुंट्या तर इतक्या की मोजायची सोय नाही. तिथे फिनिश मोवर घातला असता तर पहिल्या तासात त्याची पाती गेली असती, आणि उडालेला दगड कुणाच्या डोक्यात बसला असता ते वेगळंच. यंत्राच्या बाबतीत खोटं बोलायला मला जमत नाही. प्रेमात पडले म्हणूनही जमेना.

"रोटरी," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. तुमच्या जमिनीला तेच."

"म्हणजे... वर्षातून दोनदा."

"हो. दोनदा पुरे."

तो सरळ उभा राहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ठीक आहे," तो म्हणाला. "मग रोटरीच द्या."

ना घासाघीस, ना गप्पा. त्याने रोटरी घेतला, म्हणजे तो जाणार. इतकं सरळ होतं ते. मी पावती फाडली आणि दोन वेळा तारीख चुकवली. तो गेल्यावर मी गोदामात जाऊन ग्रीसचे डबे उगाचच या फळीवरून त्या फळीवर मांडत बसले.

बाबा दारात येऊन उभे राहिले. नवा चष्मा नाकावर.

"जमिनीला काय हवं ते त्याला सांगितलंस," ते म्हणाले. "तुला काय हवं ते सांगितलंस का?"

"गिऱ्हाइकाला असं कोणी सांगतं का, बाबा?"

"गिऱ्हाईक आहे होय तो?" ते म्हणाले आणि गुडघा चोळत निघून गेले.

यंत्र पोचवायचं, जोडून द्यायचं आणि पहिला तासभर गिऱ्हाइकाकडून चालवून घ्यायचं, हेही माझंच काम. दोन दिवसांनी मी गेले. आमच्या मेकॅनिकने मावशीचा जुना छोटा ट्रॅक्टर आदल्या दिवशीच येऊन दुरुस्त करून ठेवला होता. आम्ही रोटरी मागे जोडला, शाफ्ट बसवला. बोलायचं ते फक्त "इकडे धरा", "आता सोडा" एवढंच. बोल्ट घट्ट करताना त्याच्या तळहातावर मला फोड दिसले. दोन-चार फुटलेलेही होते.

"हे कशाने?"

"असेच." त्याने मूठ मिटली. "दादाचा फोन आला होता. परवा कोणीतरी जमीन बघायला येतंय. तोवर साफ झालेली बरी."

"होईल की. रोटरी काय, भराभर करतो."

"हो. तुम्ही सांगितलंतच तसं."

मला इतका राग आला... त्याचा, त्याच्या दादाचा, आणि सगळ्यात जास्त त्या यंत्राचा. "चढा," मी म्हटलं. "मी लांब उभी राहते. सरळ चालवा आणि मागे वळून बघत बसू नका."

पाती फिरायला लागली. गवत थरथरलं आणि लाटेसारखं आडवं होत गेलं. कापलेल्या ओल्या गवताचा वास छातीत भरला. एकेक पट्टा उघडा होत होता आणि जमिनीचे चढउतार दिसायला लागले होते. आम्ही ज्या वाटांनी चाललो होतो त्या सगळ्या एकेक करून पुसल्या जात होत्या. मला ते बघवेना. मी वळले आणि घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेले.

तिथे गवत नव्हतं.

म्हणजे होतं, पण बोटभर. दोन खोल्यांएवढा तुकडा, घराच्या पायरीपासून जुन्या झाडापर्यंत. विळ्याने कापलेला, हाताने. कडेकडेने दगड रचून ठेवलेले, लहान-मोठे, मातीतून उकरलेले. खड्डे बुजवून वरून धोपटलेले. मी खाली बसले आणि तळहात फिरवला. एक खडा लागेल तर शपथ!

पलीकडे इंजिन बंद झालं. मी दिसेनाशी झाले म्हणून तो धावतच आला असावा. त्याला धाप लागली होती. मला तिथे बसलेलं बघून तो जागीच थांबला.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"मी. संध्याकाळी... तुम्ही गेल्यावर."

"कशासाठी?"

"तुम्हीच म्हणालात ना, गवत बुटकं हवं, जमीन सपाट, दगड एकही नको." तो माझ्याकडे बघत नव्हता. "म्हटलं, सगळी तर होणार नाही. थोडी तरी तयार करावी. तुमच्या दुकानासमोरच्या गाळ्याच्या मालकालाही भेटून आलो होतो. आणि मग तुम्हाला विचारलं."

"काय विचारलंत?"

"कुठलं घेऊ." तो कसंनुसं हसला. "तुम्ही म्हणालात, दोनदा पुरे."

"मी गवताबद्दल बोलत होते!" मी ओरडलेच.

"मी गवताबद्दल विचारत नव्हतो."

वाऱ्याने झाड हललं आणि पानांवरचं पाणी आम्हा दोघांवर पडलं. मी उठले. हात पुसायला काही सापडेना, म्हणून ते तसेच ओले ठेवले. आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते.

"हे बघा. त्या अख्ख्या जमिनीला रोटरीच लागेल. ते मी बदलणार नाही. आज नाही, उद्या नाही."

"बरं."

"पण तुम्ही गेलेले मला चालणार नाही." आवाज फुटला, फुटू दिला. "त्या दिवशी मला फिनिश मोवर म्हणायचं होतं. इतकं म्हणायचं होतं की रात्री झोप लागली नाही. मला तुम्ही आवडता. वर्षातून दोनदा नाही... रोज."

त्याने चष्मा काढला. काचांवर पाणी होतं, झाडाचं की डोळ्यांतलं कोण जाणे. चष्म्याशिवाय त्याला माझा चेहरा दिसत नव्हता, तरी यावेळी त्याचा अंदाज चुकला नाही. त्याने माझ्या गालाला हात लावला. फोडांनी खरखरीत झालेला हात.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.

"एकदाच सांगते मी गोष्टी."

"तुम्ही? तुम्ही तर ते भाषण येईल त्या गिऱ्हाइकाला—"

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने बघितलं आणि हसू दाबत म्हणाला, "दादा. परवाची वेळ विचारत असेल." मग फोन कानाला लावला. "हां दादा... नको. त्यांना येऊ नको सांग... अरे, विकायची नाहीये. नाही, बरा आहे मी. डोकं ठिकाणावर आहे... कारण? कारण आहे ना. इथेच उभं आहे." आणि त्याने फोन सरळ माझ्या हातात ठेवला.

मी त्याच्याकडे डोळे वटारले. त्याने हात जोडले.

"नमस्कार," मी म्हटलं. माझ्या आवाजाला दुकानातला करडा सूर काही केल्या सापडेना. "जमीन विकायची नाहीये. आणि तुमच्या भावाला मी ठेवून घेतेय."

 पलीकडून एक जाड, गोंधळलेला आवाज आला. "ठेवून घेताय? कधीपर्यंत?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो पायरीवर बसला होता, केस ओले, चष्मा हातात, माझ्या दिशेने डोळे बारीक करून, जणू काही पुढचा शब्द त्याला ऐकू येण्याआधी दिसणार होता.

"परत मिळणार नाही," मी म्हटलं.